हाफकिन यांची लस आणि संशोधकाचे ऋण

इ. स. १८९७ च्या जानेवारी महिन्यातील १० तारखेस मुंबईत एक प्रयोग झाला. स्थळ भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज. प्रयोग करणारा संशोधक आणि ज्याच्या देहावर प्रयोग व्हावयाचा तो मनुष्य हे दोघे एकच होते. वाल्देमार हाफकिन या छत्तीस वर्षांच्या रशियन शास्त्रज्ञाने प्लेगचे जंतू उष्णतेने मारून तयार केलेला १० घन सेंटिमीटर द्रव स्वतःच्या अंगात टोचवून घेतला. सर्वसाधारण माणसास पुढे जी मात्रा देण्याचे ठरले, तिच्या कितीतरी पट ही मात्रा होती. टोचलेली जागा ठणकू लागली, अंगात ताप भरला, आणि काही दिवसांनी दोन्ही ओसरले. हा प्रयोग होईपर्यंत सशांवर लस लागू पडल्याचे तेवढे ठाऊक होते. माणसाच्या अंगात ती काय करील, हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते.

संशोधन कशासाठी, हा प्रश्न विद्येइतकाच जुना आहे, आणि त्याची दोन उत्तरे ठरून गेलेली आहेत. ज्ञान हेच ज्ञानाचे फळ, असे एक पक्ष म्हणतो. ज्या ज्ञानाने लोकांचे पोट भरत नाही किंवा दुखणे हटत नाही ते पंडितांच्या करमणुकीपलीकडे जात नाही, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांच्या वादात एक तिसरा प्रश्न नेहमी मागे पडतो. ज्ञान ज्यांच्यामुळे मिळते, त्यांचे काय? ग्रंथालयात बसून ताम्रपट वाचणाऱ्या पंडितास या प्रश्नाची फारशी धास्ती नसते. पण ज्या विद्येची साधनसामग्री म्हणजे जिवंत माणसे, त्या विद्येला हा प्रश्न टाळता येत नाही. हाफकिन यांच्या हिंदुस्थानातील कारकिर्दीत तो निदान चार वेळा उभा राहिला, आणि दर वेळी त्याचे उत्तर पहिल्याहून अवघड होत गेले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्रावरील ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेच्निकोव्ह यांच्यासारख्या थोर प्राणिशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. बुद्धी तल्लख आणि गुरूची मर्जी बसलेली. तरी झारच्या राज्यात यहुद्याला प्राध्यापकाची खुर्ची मिळणे दुरापास्त होते. बाप्तिस्मा घेतला असता तर वाट मोकळी झाली असती. ती त्यांनी घेतली नाही. स्वदेश सोडून ते प्रथम जिनीव्हास व नंतर पॅरिसला गेले, आणि पाश्चर यांच्या संस्थेत सुरुवातीस ग्रंथपालाच्या मदतनिसाचे काम पत्करून फावल्या वेळात प्रयोगशाळेत खपू लागले. १८९२ च्या जुलै महिन्यात त्यांनी कॉलऱ्यावर आपली लस सिद्ध केली आणि तिचाही पहिला प्रयोग स्वतःवरच केला. पुढे हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन, जे त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्रज वकील होते, त्यांच्या शिफारशीने हाफकिन १८९३ साली कलकत्त्यास उतरले. कलकत्त्याच्या बस्त्यांतून, उत्तरेकडील पलटणींतून आणि आसामच्या चहाच्या मळ्यांतून त्यांनी हजारो लोकांना कॉलऱ्याची लस टोचली. एका बस्तीत चिडलेल्या जमावाने दगडफेक केली तेव्हा त्यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले आणि मग बरेचसे लोक आपण होऊन पुढे आले, अशी हकीकत सांगतात.

त्यानंतर १८९६ चा सप्टेंबर आला. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने एका रोग्याच्या जांघेतील गाठ पाहून हा ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग होय, असे निदान केले. पुष्कळांना ते प्रथम पटले नाही. पटेपर्यंत आग पसरली होती. पुढील चारपाच महिन्यांत शहरातील सुमारे निम्मी वस्ती गाड्या भरभरून बाहेर पडली. मागे राहिलेल्यांवर सरकारने आपला सारा अंमल चालविला. घरांची झडती, आजाऱ्यांची जबरदस्तीने उचलबांगडी, सामानाची होळी, गटारांतून कार्बोलिकच्या पाण्याचे पाट. रोग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो ही गोष्ट तेव्हा कोणाला कळलेली नव्हती. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच वैद्याने कराचीस ती १८९८ साली दाखविली, आणि तीही तज्ज्ञांच्या गळी उतरण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. पुण्यात झडत्यांचा जो अतिरेक झाला आणि १८९७ च्या जून महिन्यात त्याचा जो रक्तरंजित शेवट झाला, तो महाराष्ट्रास सांगावयास नको.

याच दिवसांत हाफकिन मुंबईत काम करीत होते. कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला होता. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. कामाचा ताण असा होता की एक मदतनीस खचून आजारी पडला आणि दोघे सोडून गेले. लशीची कृती ऐकली तर आजही कौतुक वाटते. जंतू वाढविण्यासाठी जो रस्सा लागे तो गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचा न करता बोकडाच्या मांसाचा केलेला असे. हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही भावनांना धक्का लागू नये हा त्यात हेतू होता. त्या रश्श्यावर साजूक तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवीत. थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे, गुहेच्या छतातून चुनखडीचे लोलक लोंबतात तशी. बाटली हलवली की ते लोलक तळाशी पडत आणि नवे धरत. असे काही आठवडे झाल्यावर सारा द्रव तासभर तापवून जंतू मारीत आणि वर थोडे कार्बोलिक अॅसिड घालीत. ज्या शहरात सरकारी शिपाई जोडे न काढता देवघरात शिरत होते, त्याच शहरात एक परका शास्त्रज्ञ रश्श्यात कोणते मांस चालेल याचा विचार करीत होता. संशोधनाच्या नीतीची चर्चा पुष्कळदा मोठ्या शब्दांत होते. येथे ती एका भांड्यात शिजत होती.

स्वतःला टोचून घेतल्यावर तीन आठवड्यांनी पुढचा प्रसंग आला. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीस हाफकिन तेथे गेले. त्यांनी कैद्यांपुढे आपली लस ठेवली आणि ज्याला हवे त्याने पुढे यावे असे सांगितले. सुमारे दीडशे कैदी पुढे आले. बाकीचे मागे राहिले. टोचणीच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग शिरला होता असे दोनतीन सोडले तर टोचलेल्यांपैकी पुढे दोघांस प्लेग झाला व दोघेही वाचले. न टोचलेल्यांत बाराजणांस तो झाला आणि सहाजण दगावले. अन्न एक, हवा एक, भिंती त्याच, आणि फरक काय तो एका सुईचा. इतका स्वच्छ पुरावा हाती येणे हे शास्त्रज्ञाच्या दृष्टीने भाग्यच होते.

पण बंदिवानाची खुशी ती कितपत खुशी? बाहेरच्या लोकांस कल्याण, पुणे, कोकण अशा वाटा मोकळ्या होत्या. कैद्याला पळून जाण्यास ठिकाण नव्हते. साहेबाने विचारले असता नाही म्हणण्याचे परिणाम काय होतील याची त्याला खात्री नव्हती. १९४७ साली न्युरेंबर्गच्या न्यायालयाने जर्मन छावण्यांतील वैद्यांना शिक्षा ठोठावताना मनुष्यावरील प्रयोगाचे नियम घालून दिले. त्यांत अगदी पहिला नियम संमतीचा आहे, आणि ती संमती दडपणावाचून दिलेली हवी, अशी त्यात अट आहे. ती अट १८९७ च्या भायखळ्यास तंतोतंत लावली तर हाफकिन उत्तीर्ण होतील असे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यांच्या बाजूने दोन गोष्टी मात्र निःसंशय आहेत. पुढे आला नाही त्यास त्यांनी सुई लावली नाही, हे एक. आणि कैद्याच्या दंडात जे घातले ते आधी स्वतःच्या दंडात घातले होते, हे दुसरे. त्या काळी जगात कोठेही लेखी नियम नव्हते. जो नियम होता तो त्यांनी स्वतःपुरता केलेला होता.

तिसरा प्रसंग उंधेरा गावचा. बडोद्यापासून काही मैलांवर हे सुमारे हजार वस्तीचे खेडे. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग चालू असताना हाफकिन आणि त्यांचे सहकारी गेले. त्यांनी गावातील प्रत्येक कुटुंबाचे जवळजवळ दोन सारखे भाग पाडले. एका भागास टोचले, दुसऱ्यास टोचले नाही. काही आठवड्यांनी ते पुन्हा गेले आणि हिशेब मांडला. ज्या २८ घरांत रोग शिरला, त्या घरांतील न टोचलेली माणसे ६४; त्यांतील २७ आजारी पडली आणि २६ मेली. त्याच घरांतील टोचलेली माणसे ७१. त्यांतील ८ आजारी पडली व ३ मेली.

हे आकडे जगातील वैद्यकाच्या ग्रंथांत गेले. त्यांनी लशीची बाजू जितकी बळकट केली तितकी दुसऱ्या कशानेही केली नसेल. मात्र त्यांच्याकडे घराच्या उंबऱ्यावर बसून पाहिले की ते वेगळे दिसू लागतात. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे. त्यांतील कोणाला सुई मिळावी व कोणाला मिळू नये, हे घरच्या वडीलमाणसाने ठरविले नव्हते. ते प्रयोगाच्या गरजेने ठरले होते. भायखळ्यास मागे राहिलेले कैदी आपल्या विचाराने मागे राहिले. उंधेऱ्यातील मागे राहिलेल्यांना मागे ठेवण्यात आले. हाफकिन यांना त्या वेळी लस गुणकारी आहे अशी मनातून खात्री होती काय? बहुधा होती. एव्हाना मुंबईच्या तुरुंगांत आणि पोर्तुगिजांच्या दमणात तिचा अनुभव आलेला होता.

मग त्यांनी सगळ्यांनाच का टोचले नाही? याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्यांच्या विरोधकांत शोधावे. सरकारी वैद्यकखात्यातील बडे अधिकारी या परक्या गृहस्थाकडे संशयाने पाहत होते. तो वैद्य नव्हता, प्राणिशास्त्राचा पदवीधर होता; इंग्रज नव्हता; यहुदी होता. तुरुंगातील आकडे तुरुंगापुरते, टोचून घेणारे मूळचेच सशक्त व शहाणे असतील, असे आक्षेप निघत. ते बोलून चालून खोटे नव्हते. स्वखुशीने पुढे येणारा मनुष्य आणि मागे राहणारा मनुष्य हे सारखे नसतात, हे आजचे संख्याशास्त्रही सांगते. तो आक्षेप मोडावयाचा तर एकाच घरातील माणसे घेऊन त्यांची सारखी वाटणी करणे एवढाच उपाय होता. उंधेऱ्याचा पुरावा नसता तर पुढे लाखोंना लस मिळाली असती की नाही, शंकाच आहे. एवढे सगळे मान्य केले तरी सव्वीस हा आकडा सव्वीसच राहतो. त्या माणसांनी विज्ञानाला जे दिले ते त्यांनी देऊ केलेले नव्हते. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात लाखो जीव घातले म्हणून हे पारडे हलके ठरेल, पण रिकामे होणार नाही. आणि जो संशोधक त्याला रिकामे समजू लागतो त्याच्या हाती पुढचे खेडे देण्याची कोणाची छाती होऊ नये.

मुंबईत लशीचा बोलबाला झाला. आगाखान यांनी आपल्या खोजा जमातीत पुढाकार घेऊन टोचणीचा प्रसार केला आणि प्रयोगशाळेस स्वतःचा एक बंगला दिला. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग-संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. ज्यांनी ती इमारत पाहिली असेल त्यांना तेथील जुने भव्य दालन आठवत असेल. जेथे गव्हर्नरांच्या मेजवान्या होत तेथे आता लशीच्या बाटल्यांच्या रांगा लागल्या. याच सुमारास फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशनने हिंदुस्थानभर चौकशी केली. लशीने रोग व मृत्यू दोन्ही कमी होतात हे त्यांनी मान्य केले. मात्र हाफकिन यांची टिपणे पुरेशी काटेकोर नाहीत, लशीचे प्रमाण बाटलीगणिक सारखे राहत नाही, असे दोषही दाखविले. हाफकिन यांना ही टीका झोंबली. ती सारी द्वेषमूलक होती असे त्यांच्या चाहत्यांनी म्हटले आहे, ते मात्र पटण्यासारखे नाही. पुराव्याच्या टाचणटिपणात ढिलाई करणे हा संशोधकाचा लहान अपराध नव्हे, कारण त्या टिपणांपलीकडे त्या माणसांची दुसरी नोंद कोठेच राहत नाही.

आता चौथा प्रसंग. १९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान मांडले आणि तेथील सरकारने लाखो लोकांना टोचण्याची योजना आखली. परळवर मागणीचा पाऊस पडला. जुन्या कृतीला आठवडे लागत. ती वाट सोडून हाफकिन यांनी लवकर होणारी नवी कृती घेतली आणि तीत कार्बोलिक घालण्याचे बंद केले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही नुसत्या उष्णतेवर विसंबण्याचा प्रघात होता. तेव्हा हा बदल शास्त्राला सोडून नव्हता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यात, आज जो भाग पाकिस्तानात आहे तेथे, मुलकोवाल या खेड्यात १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या लागल्या. त्यांपैकी ५३-एन या खुणेच्या बाटलीतून १९ जणांना टोचले होते. आठवडाभराने त्या एकोणीसजणांत धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि एकामागून एक ते सर्व मरण पावले. बाकीच्या अठ्ठ्याऐंशी लोकांस काही झाले नाही.

सरकारने चौकशी नेमली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स हे तिचे अध्यक्ष होते. बाटलीत धनुर्वाताचे बीज परळलाच शिरले असावे आणि कार्बोलिक न घालणे ही गंभीर चूक होती, असा त्यांचा कल पडला. हाफकिन यांच्या हातून प्रयोगशाळा गेली आणि १९०४ साली त्यांना हा देश सोडावा लागला. पण ज्या कागदपत्रांवरून त्यांना दोषी धरले ते कागद सरकारने दाबून ठेवले. चौकशीचे वृत्त १९०६ अखेरपर्यंत प्रसिद्ध झाले नाही.

ते प्रसिद्ध झाल्यावर निराळीच गोष्ट उघड झाली. मुलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून नीट शुद्ध न करता, नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून त्याने बाटलीचे बूच काढले होते. खेड्यातील माती म्हणजे धनुर्वाताच्या बीजाचे घर. शिवाय बाटली उघडणाऱ्या वैद्याने तिला वास येत नव्हता असे सांगितले होते. बीज परळहूनच आत गेले असते तर इतके आठवडे बंद बाटलीत वाढून त्याची घाण सुटली असती, असे जंतुशास्त्रज्ञांचे म्हणणे पडले. हिवतापाच्या डासाचा शोध याच देशात लावून नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. १९०७ च्या जुलैमध्ये रॉस व इतर नऊ शास्त्रज्ञ अशा दहाजणांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले. हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नाही, इतकेच नव्हे तर तो खोटा ठरलेला आहे, असा त्याचा मथितार्थ होता. त्याच वर्षी सरकारने माघार घेतली व त्यांना पुन्हा नोकरीत बोलाविले.

येथपर्यंतची हकीकत हाफकिन यांचे चरित्रकार मोठ्या आवेशाने सांगतात, आणि ती सांगण्यासारखी आहेच. अन्याय उघड होता. मात्र आरोप खोटा ठरला म्हणजे प्रश्न संपला असे नाही. चिमटा पडला हा खेड्यातील अपघात; पण अशा अपघाताला तोंड देईल इतकी खबरदारी बाटलीत शिल्लक ठेवावी की नाही, हा प्रयोगशाळेतील निर्णय होता. कार्बोलिक असते तर धनुर्वाताचे बीज मेले असते की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. तो वाद त्यांनीच करावा. सामान्य माणसास इतके समजते की परळच्या स्वच्छ दालनात जे आवश्यक नव्हते, ते मुलकोवालच्या धुळीत आवश्यक असू शकत होते. परळ आणि मुलकोवाल यांत हजार मैलांचे अंतर होते. मागणी लाखांची, आणि सरकारला घाई. अशा वेळी कृतीतील एखादा पदार्थ गाळणे हे कागदावर तांत्रिक दिसते, वस्तुतः तो माणसांविषयीचा निर्णय असतो. हाफकिन यांनी तो निष्काळजीपणे घेतला असे कोणी म्हणू नये. त्यांनी तो एकट्याने, वरिष्ठांना विश्वासात न घेता घेतला, असा ठपका मात्र त्यांच्यावर आला, आणि तो पुसला गेला असे म्हणता येत नाही.

दुसरी बाजू याहून काळी आहे. सरकारने चार वर्षे कागद दाबले तेव्हा प्लेग थांबला नव्हता. लशीविषयी लोकांच्या मनात जी धास्ती बसली तिचे निराकरण करण्यास पुरावा हाती होता, आणि तो दप्तरात पडून होता. १९०७ साली, म्हणजे निर्दोष ठरविण्याच्याच वर्षी, हिंदुस्थानात प्लेगने मेलेल्यांची संख्या तेरा लाखांच्या घरात गेली. लोकांनी टोचून घेतले नाही ते एका दप्तरामुळे, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. कारणे पुष्कळ होती. झडत्यांच्या दिवसांपासून सरकारी माणसाच्या हातातील कोणत्याही वस्तूवर रयतेचा विश्वास उरला नव्हता. परंतु ज्यांना सत्य सांगितल्याने धीर आला असता त्यांच्यापासून ते लपविले गेले, एवढे खरे. संशोधकाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणारा समाज आपल्या राज्यकर्त्यांकडून तीच अपेक्षा किती करतो, हे मुलकोवालच्या प्रकरणात चांगले दिसून आले.

आणि त्या एकोणीसजणांचे काय? या प्रकरणावर वैद्यकीय मासिकांतून आणि वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. बाटलीची खूण सर्वांच्या लक्षात आहे, चिमट्याचे वर्णन आहे, तापविण्याचे अंश आहेत. न्यायाधीश, शास्त्रज्ञ, अधिकारी सगळ्यांची नावे आहेत. मेलेली माणसे मात्र बहुतेक ठिकाणी आकड्यापुरती आली आहेत. हाफकिन यांच्या इभ्रतीचा खटला सात समुद्रांपलीकडे लढला गेला. मुलकोवालच्या वतीने तो कोणी लढला नाही, कारण तेथल्या माणसांना टाइम्समध्ये पत्र लिहिता येत नव्हते.

हाफकिन १९०७ च्या अखेरीस कलकत्त्यास परतले. मुंबईची जागा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत ज्या लशीसाठी त्यांनी आपला दंड पुढे केला होता ती तयार करण्याची सोयही नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नोकरी संपली आणि ते युरोपात गेले. उरलेले आयुष्य त्यांनी अविवाहित, एकटे, बरेचसे धर्मचिंतनात घालविले. इकडे परळचे काम चालूच होते. १८९७ ते १९२५ या काळात तेथून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाखांच्या आसपास मात्रा बाहेर गेल्या. त्यांत कार्बोलिक पुन्हा घातले जात होते.

१९२५ साली परळच्या संस्थेस हाफकिन यांचे नाव देण्याचे ठरले, आणि ती बातमी त्यांना परदेशी कळविण्यात आली. त्यांनी जे उत्तर पाठविले त्यात तक्रारीचा शब्द नव्हता. मुंबईच्या कामात आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे गेली, एवढे लिहून त्यांनी संस्थेतील सर्व नोकरवर्गास आशीर्वाद कळविले होते. पाच वर्षांनी, १९३० च्या २६ ऑक्टोबरला, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांना मृत्यू आला. मुलकोवालच्या त्या दिवसाला अठ्ठावीस वर्षे पुरी होण्यास तेव्हा चार दिवस उरले होते.